क्लास बंद करू नका, परीक्षा पुढे ढकला

नमस्कार ताई,

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. दोघंही एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, राज्याच्या अभ्यासक्रमाला. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. शिक्षण सगळं महाराष्ट्रात झालं, त्यामुळे कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, शिफ्टची नोकरी. मी घरी ब्लाऊज शिवते.

शाळेचे मेसेज ग्रुपवर कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत येतात आणि माझा घोळ होतो. जुलैत पावसाच्या सुट्टीचं पत्र फिरत आलं म्हणून दोघांना घरी ठेवलं, तर ते खानापूर तालुक्याचं होतं. पालकसभा ‘परवा’ असल्याचा मेसेज होता, मी आदल्या दिवशीच जाऊन परत आले आणि खऱ्या दिवशी गिऱ्हाईक आल्यामुळे जायला जमलं नाही. आता परवाच्या शनिवारी पांढऱ्या युनिफॉर्मऐवजी मुलीला रोजचाच घालून पाठवलं. तिला प्रार्थनेला बाजूला उभं केलं. तिनं ऑफिसातून फोन केला, मी युनिफॉर्म घेऊन पळाले, पुढचं सगळं लांबलं आणि दुपारी टिळकवाडीत गाण्याच्या क्लासला अर्धा तास उशिरा पोचलो. सर सगळ्यांसमोर बोलले. मुलगा तिथंच तबला शिकतो, पण त्याचा वार वेगळा, म्हणजे माझ्या फेऱ्या दुप्पट.

गाण्याच्या नोव्हेंबरच्या प्रारंभिक, म्हणजे पहिल्या परीक्षेचा फॉर्म आता भरायचा आहे. सासूबाई म्हणतात, ‘आधी शाळा बघ, गाणं कुठं पळून जातंय?’ मिस्टरांचंही तेच. त्या शनिवारी रात्री मुलगीच म्हणाली, ‘मला क्लास नको.’ तरी काल कपड्यांच्या घड्या घालताना भूप रागाची सरगम गुणगुणत होती. मला वाटतं मीच कुठंतरी कमी पडते. क्लास बंद करू का?

– एक आई, वडगाव

प्रिय वहिनी,

क्लास बंद करू नका. नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म मात्र या खेपेला भरू नका. फॉर्मची तारीख जवळ आली आहे म्हणून हे आधी सांगून टाकते. कारणं सावकाश सांगते.

तुमचं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. पावसाच्या सुट्टीचं पत्र, पालकसभा, शनिवारचा युनिफॉर्म, या तीनपैकी एकाही घोळाचा गाण्याशी संबंध नाही. क्लास नसता तरी हे तिन्ही झालेच असते. उलट शाळेच्या घोळामुळे क्लासला उशीर झाला, आणि आता बंद काय करायचं, तर क्लास! हे मी खूप घरांत पाहिलं आहे. घरात वेळ अपुरा पडू लागला की पहिली कुऱ्हाड गाण्यावर, चित्रावर, खेळावर पडते, कारण तिथं हजेरीपटाचा धाक नसतो. पण गाणं बंद केलं म्हणून पुढचा शनिवार चुकायचा राहणार नाही. तेव्हा दोन्ही गोष्टी वेगळ्या करू. आधी शाळेचं पाहू.

पावसाच्या सुट्टीत तुम्ही एकट्याच फसल्या नाहीत. आपल्याकडे जून ते ऑगस्टमध्ये खानापूर, बेळगाव भागात जोराचा पाऊस लागला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, बऱ्याचदा आदल्या रात्री किंवा अगदी सकाळी. सुट्टी अख्ख्या जिल्ह्याला असेलच असं नाही, ठरावीक तालुक्यांना असते. शिवाय आपला जिल्हा शाळांच्या कारभारासाठी बेळगाव आणि चिक्कोडी असा दोन शैक्षणिक जिल्ह्यांत विभागलेला आहे, त्यामुळे तिकडची पत्रंही इकडच्या ग्रुपवर येऊन पडतात. त्यात गेल्या वर्षीचं पत्र यंदा पुढे पाठवणारेही असतात. म्हणून असं पत्र आलं की आधी त्यावरची तारीख बघायची. तिथं वर्षसुद्धा वाचायचं. मग तालुक्याचं नाव आणि इयत्ता बघायच्या, कारण कधी सुट्टी फक्त अंगणवाडी ते हायस्कूलला असते, तर कधी कॉलेजलाही. एवढं जुळलं तरी शेवटचा शब्द वर्गशिक्षिकेचा. ग्रुपवर पन्नास जणांना ‘आज सुट्टी आहे का?’ विचारण्यापेक्षा बाईंना एकटीनं एक ओळ पाठवा. बाईंचं उत्तर येईपर्यंत मुलं तयार करून ठेवायची. तयार झालेल्या मुलांना घरी बसवणं सोपं असतं, घरी बसलेल्यांना दहा मिनिटांत तयार करणं अवघड.

आता कन्नड वाचण्याविषयी थोडं मनापासून लिहिते. सीमाप्रश्नाबद्दल आपली भूमिका काय असेल ती असो, आपल्या लेकराच्या शाळेची चिठ्ठी आईला वाचता आली पाहिजे, एवढाच इथं प्रश्न आहे. आणि तुम्हाला वाटतं तितकं ते अवघड नाही. कन्नड वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. अ आ इ ई, क ख ग घ, त्याच ओळीनं. आपल्यापेक्षा वेगळं म्हणजे ‘ए’ आणि ‘ओ’ तिथं ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. तुमच्या मुलाचं कन्नडचं पहिलं पुस्तक घरात असेल. ते घ्या. रोज रात्री त्याच्याकडून चार अक्षरं शिका. तिसरीतल्या पोराला आईला शिकवायला मिळणं हे फार मोठं बक्षीस असतं. त्याचंही अक्षर त्यात सुधारेल.

तोवर चिठ्ठीत पुन्हापुन्हा येणारे शब्द ओळखायला लागा. रजे म्हणजे सुट्टी. समवस्त्र म्हणजे युनिफॉर्म. पोषकर सभे ही पालकसभा. कड्डाय असं लिहिलं असेल तर ती गोष्ट सक्तीची. नाळे म्हणजे उद्या आणि नाडिद्दू म्हणजे परवा. तुमची पालकसभा बहुतेक इथंच चुकली असावी. फोनच्या कॅमेऱ्यातून मराठी करून घेता येतं, छापील पत्राला ते बरं चालतं. पण हातानं फळ्यावर लिहून काढलेला फोटो असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

शाळेत मराठी घरातली मुलं बरीच असतील, तर चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना साधा विनंती अर्ज द्या, की सूचनेखाली एक ओळ मराठीत आली तर बरं होईल. भांडणाचा सूर नको. बऱ्याच शिक्षिका स्वतः मराठी बोलतात, त्यांना जड जाणार नाही. नाहीच जमलं तरी तुमची अडचण शाळेला कळली असेल, आणि पुढच्या वेळी मुलीला प्रार्थनेला बाजूला उभं करण्याआधी कुणीतरी विचारेल. त्या गोष्टीबद्दल मात्र वर्गशिक्षिकेशी जरूर बोला. चूक आईची होती, मुलीची नव्हती, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. सहावीतल्या मुलीला सगळ्या शाळेसमोर उभं राहणं किती लागतं हे मोठी माणसं विसरतात.

मुलगी कन्नड वाचते ना? मग संध्याकाळी तिनं ग्रुपवरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तुम्ही ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मराठीत लिहायची. हे काम दोघींचं राहू द्या. वाचण्याचं काम तिचं, लक्षात ठेवण्याची जबाबदारी तिची नाही. चुकलं तर ‘तूच वाचलंस ना’ असं एकदाही म्हणू नका, नाहीतर तिला त्या फोनची भीती बसेल. शुक्रवारी रात्री जेवणाआधी शनिवारचे कपडे, मोजे, बूट काढून ठेवायचे. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे सगळ्यांची पळापळ शनिवारीच होते. मिस्टरांची जी शिफ्ट असेल तिच्याप्रमाणे आठवड्यातलं एक काम त्यांच्या नावावर करा, शुक्रवारचे बूट पॉलिश का असेना. पण ते त्यांचंच, तुम्ही आठवण करून द्यायची नाही.

आणखी एक, माहेर गडहिंग्लजला आहे म्हणून सांगते. इकडच्या आणि तिकडच्या सुट्ट्यांची सांगड घालताना सीमाभागातल्या आया हमखास चुकतात. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दोनेक आठवडे किंवा त्याहून जास्त, आणि दिवाळीला मोजकेच दिवस. तिकडं नेमकं उलटं. उन्हाळ्यात आपल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे संपता-संपता उघडतात, तर भावाची मुलं जूनच्या मध्यापर्यंत मोकळीच असतात. ‘मामाकडं अजून सुट्टी आहे’ म्हणून चार दिवस जास्त राहिलं की इकडं शाळेचे पहिले दिवस बुडतात. त्या दिवसांतच वह्या, वेळापत्रक, युनिफॉर्मचे वार सांगतात. वर्षभराचे निम्मे घोळ तिथं सुरू होतात.

आता गाण्याकडे येते.

मुलगी म्हणाली, ‘मला क्लास नको.’ कधी म्हणाली? ज्या दिवशी सकाळी शाळेत प्रार्थनेला बाजूला उभी राहिली आणि दुपारी क्लासमध्ये सगळ्यांसमोर सरांचं बोलणं खाल्लं, त्या रात्री. त्या दिवशी तिला कुणी विचारलं असतं तर तिनं शाळाही नको म्हटलं असतं. आणि हीच मुलगी दुसऱ्या कामात हात गुंतलेले असताना भूपाची सरगम म्हणते. कुणी म्हण म्हटलेलं नाही, कुणी ऐकत नाही, आणि ती म्हणते. गाणं नकोसं झालेली मुलं असं करत नाहीत. ती क्लासमध्ये शिकलेलं घरी टाळतात, वही लपवतात, घसा दुखतो म्हणतात.

तरीही तिला विचारा. रागवारागवीच्या वेळी नको, समोर बसवूनही नको. गाडीवर मागं बसलेली असताना किंवा पुन्हा घड्या घालताना विचारा, की क्लासमधलं नेमकं काय नको वाटतं? उशिरा आत शिरणं नको असेल. परीक्षेची धास्ती असेल. बरोबरच्या मुली पुढं गेल्या आणि आपण मागं राहिलो असं वाटत असेल. सरांनी फार वरच्या पट्टीत गायला लावल्यानं घसा ओढला जात असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि यातल्या कशालाही गाणं बंद करणं हा उपाय नाही. शांतपणे विचारूनही ती दोन-तीनदा ‘मला गायचंच नाही’ म्हणाली, तर मात्र तिचं ऐका. मारून-मुटकून गाणं येत नाही.

परीक्षा पुढे ढकलायला का सांगते तेही समजून घ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. महाराष्ट्रातल्या मुलांना कदाचित दोन्ही सत्रं सारखीच पडत असतील. आपल्या मुलांना तशी पडत नाहीत. दसऱ्याआधी त्यांची सहामाही होते. सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्योत्सव, क्रीडास्पर्धा, प्रतिभा कारंजी म्हणजे शाळांच्या कलास्पर्धा, सहली, स्नेहसंमेलन असं एकामागून एक लागतं. ग्रुपवर सर्वांत जास्त सूचना याच दिवसांत येतात. म्हणजे तुमची जी दुखरी जागा आहे, नेमकी तिच्यावरच परीक्षा आणून ठेवायची. त्यापेक्षा एप्रिल-मेचं सत्र बघा. वार्षिक परीक्षा झालेली, शाळेची सुट्टी लागलेली, सकाळी रियाजाला मोकळी, कसला युनिफॉर्म नाही. पाच-सहा महिने जास्त मिळतात ते वेगळेच.

प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. परीक्षकांपुढं बसून गाऊन दाखवायचं, हातावर ताल धरायचा, विचारतील ते सांगायचं. त्यासाठी पाठांतरापेक्षा सवय लागते. घाईनं दिलेल्या प्रारंभिकचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि मुलगी पुढच्या प्रवेशिका परीक्षेला अडखळते, हे गाण्याच्या शिक्षकांना विचाराल तर तेही सांगतील. सर नाराज होतील अशी भीती वाटत असेल तर त्यांना स्पष्ट सांगा, ‘सर, तिला परीक्षेला बसवायचं आहेच, पण एप्रिलला. तोवर तिचा पाया पक्का करून घ्या.’ हे ऐकून नाराज होणारा गुरू विरळाच.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी मागा. दोन्ही मुलांचा क्लास एकाच दिवशी, पाठोपाठ. वडगावहून शहापूर, गोवावेस करत टिळकवाडीला जायचं आणि परत यायचं, पावसात, ब्लाऊजची शिलाई तशीच मशीनवर टाकून, हे आठवड्यातून जितकं कमी होईल तितकं तुमचं डोकं शांत राहील. शनिवारची दुपार फार घट्ट होत असेल तर दुसरा वार विचारा. दुसरी मागणी म्हणजे क्लासच्या शेवटी त्या दिवशीचा पाठ सरांनी पाच-दहा मिनिटं सलग म्हणावा आणि तो फोनवर रेकॉर्ड करून घ्यायला परवानगी द्यावी. त्यांच्याकडून मुलीची पट्टीही वहीत लिहून घ्या, पेटीवरची काळी चार की काळी पाच, म्हणजे घरी फोनवरच्या तानपुऱ्याला नेमका तोच सूर लावता येईल. चुकीच्या पट्टीत महिनाभर गायलेलं काढून टाकायला वर्ष जातं.

घरचा रियाज शाळेआधी पंधरा मिनिटं. तेवढा पुरे. पण रोज. आधी नुसता सा, श्वास पुरेल तेवढा, जोर न लावता. मग अलंकार. मग सरांनी दिलेली सरगम. भूपात म आणि नि लागतच नाहीत, पाच स्वरांचा राग, त्यामुळे लहान मुलांना तो लवकर आपला वाटतो. पण ग वरून प वर जाताना मधला म नकळत चाटून जातो. तिचं तसं होतंय का हे तुम्हालाही थोड्या दिवसांत ऐकू येऊ लागेल. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी गायचं नाही, रेकॉर्डिंग ऐकायचं आणि ताल धरायचा. आपल्या हवेत पावसाळ्यात असे दिवस बरेच येतात.

तुम्ही म्हणाल, मला गाण्यातलं काय कळतं? हातावर ताल धरायला शिका. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता बाजूला उलटायचा. बाकीच्या मात्रा बोटांवर मोजायच्या. आणि इथं तुमच्या मुलाला कामाला लावा. मुलगी सरगम म्हणते आहे, तो ‘धा धिं धिं धा’ वाजवतो आहे, तुम्ही हात धरला आहे. पहिले काही दिवस तो नवव्या मात्रेला ‘धा तिं तिं ता’ विसरेल, कारण मुलांचा हात धिंवरच धावतो. तो चुकला की ताई गाणं थांबवून वळून बघेल आणि दोघांचं भांडण होईल. होऊ द्या. त्या भांडणात दोघं सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ओळखायला शिकतात. मुलाला तिसरीत परीक्षेची काही घाई नाही, बहिणीला साथ करणं हीच त्याची या वर्षीची परीक्षा समजा.

तबल्याची एक काळजी मात्र घ्या. बेळगावच्या पावसात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ओल धरते आणि सूर उतरतो. मुलगा म्हणेल तबला बिघडला. बिघडलेला नसतो. जोडी खिडकीजवळ किंवा फरशीवर उघडी ठेवू नका, गवसणी घालून कोरड्या कपाटात ठेवा. आणि उतरला म्हणून उन्हात ठेवू नका. सूर चढवायचं काम सरांकडेच, हातोडी मुलाच्या हाती द्यायची नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. त्यांना नातवंडांची काळजी आहे, आणि तुमची धावपळ त्या रोज बघतात. पण गाणं पळून जात नाही हे काही खरं नाही. लहानपणी कानावर बसलेले सूर आणि मोठेपणी शिकलेले सूर यांत फरक पडतो. त्यांना आपल्याच गावची एक गोष्ट सांगा. 1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष होते. आजच्या टिळकवाडी भागातच ते झालं. तिथं स्वागतगीत गाणाऱ्यांत एक शाळकरी मुलगी होती, अकरा वर्षांची, तुमच्या मुलीच्याच वयाची. पुढे त्या गंगूबाई हनगल झाल्या. त्यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गायच्या. मुलीला हिंदुस्थानी गाणं शिकवायचं ठरलं तेव्हा तिच्या कानावर दोन वळणं पडू नयेत म्हणून त्या माउलीनं आपलं गाणं बाजूला ठेवलं. त्याच वर्षी बेळगावजवळ सुळेभावीला कुमार गंधर्वांचा जन्म झाला. तुमच्या मुलीनं गंगूबाई व्हावं असं मी म्हणत नाही, आणि तुम्ही अंबाबाईंसारखा त्याग करावा असं तर मुळीच नाही. या मातीत गाणं हा रिकामपणाचा उद्योग कधीच नव्हता, एवढं सासूबाईंना कळावं म्हणून सांगितलं. कन्नड पदं आणि मराठी अभंग दोन्ही तितक्याच ओढीनं गाणारे भीमसेन जोशीही याच पट्ट्यातले.

आणि सासूबाईंनाच रियाजाला बसवा. आपल्याकडे बहुतेक आज्यांना दोन-चार अभंग चालीसकट पाठ असतात. सकाळी पोळ्या करताना तुम्हाला पंधरा मिनिटं बसणं जमणार नाही, त्यांना जमेल. त्यांच्याकडून एक अभंग मुलीनं शिकावा, मुलानं आठ मात्रांचा भजनी ठेका धरावा. पुढे प्रतिभा कारंजीत भक्तिगीताची स्पर्धा लागली तर तिच्याजवळ आजीचा अभंग तयार असेल. आपण शिकवलेली गोष्ट बंद करा असं कुठलीही आजी म्हणत नाही.

‘मीच कमी पडते’ हे तुमचं वाक्य मला खरंच लागलं. ज्या शाळाव्यवस्थेत तुम्ही स्वतः एक दिवसही शिकला नाहीत, जिची लिपी तुम्हाला कुणी शिकवली नाही, तिच्या सगळ्या सूचना तुम्ही एकटीनं, शिवणाच्या मशीनवर बसून, फोनच्या छोट्या पडद्यावर झेलता आहात. त्यात दोन मुलांचा क्लास, मिस्टरांची बदलती शिफ्ट. तिथं तीन गोष्टी चुकल्या. न चुकलेल्या किती असतील त्या तुम्ही पत्रात लिहिल्या नाहीत, कारण त्या तुम्हाला दिसल्याच नाहीत. मुलांना त्या दिसतात. म्हणून मुलीनं शाळेतून फोन केला तो तुम्हालाच, आणि तुम्ही पळत गेलात.

या आठवड्यात तीनच कामं करा. सरांना भेटून परीक्षेचं सत्र आणि क्लासचा वार ठरवा. वर्गशिक्षिकेला भेटा. मुलाचं कन्नड पुस्तक शोधून काढा. बाकीचं हळूहळू. आणि सरांकडे जाल तेव्हा एप्रिल-मेच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारून आल्या-आल्या कॅलेंडरवर लिहा. तो काही महिने आधी भरावा लागतो आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणता म्हणता ती तारीख निघून जाते.